बोलणाऱ्याची बोरं

थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे तिचे दाजी, फोनवर चक्क हसले, आणि जिन्याच्या वळणावर तिचा पाय तसाच अधांतरी राहिला. हसण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. ताईच्या आतड्याचं ऑपरेशन होऊन चार-पाच दिवसच झाले होते, ती दुसऱ्या गावातल्या हॉस्पिटलात होती, आणि सकाळी फोनवर तिचा आवाज ऐकल्यापासून हिचं कशात लक्ष नव्हतं. पण दाजी हसले. "अगं डॉक्टरीणबाई, तू उगाच जीव टांगणीला लावून बसतेस," ते म्हणाले. "आत्ताच इथले छोटे डॉक्टर येऊन गेले. मी धीर करून म्हटलं, हिला जरा दम लागल्यासारखा वाटतोय, बघता का. तर दारातूनच म्हणाले, काका, काकू बोलताहेत ना? मग झालं तर! बोलणाऱ्याची बोरं विकतात. मोठा गमत्या पोरगा आहे बघ. तुझी ताईसुद्धा हसली." मग त्यांनी खोकून घसा साफ केला, तुझा तास असेल, ठेवतो, म्हणाले, आणि ठेवलासुद्धा. ती कठड्याला धरून उभी राहिली. वरून दोन वॉर्डबॉय रिकामी ट्रॉली उतरवत होते, त्यांना वाट द्यायला हवी होती, पण ते तिच्या लक्षात आलं नाही. "मॅडम, जरा," असं त्यांनी दोनदा म्हटल्यावर ती बाजूला झाली.

बोलणाऱ्याची बोरं विकतात आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, ही म्हण काही तिची नव्हे. बाजारात म्हणतात, मुलगी दाखवायच्या वेळी म्हणतात, निवडणुकीत तर हटकून म्हणतात. पण आजाऱ्याच्या खाटेशी उभं राहून, पेशंट बोलतोय म्हणजे त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे, या अर्थाने ती म्हण वापरणारी बाई या भूतलावर एकच होती, आणि ती आत्ता जिन्यात उभी होती. म्हणजे तो छोटा डॉक्टर तिचा. केव्हातरी तिच्याच समोर बाकावर बसलेला, सर्जरीच्या पोस्टिंगला आलेला, झोपेने डोळे लाल झालेला कुणीतरी. चेहरा आठवेना. इतकी वर्षं मुलं येतात, पंधरा दिवस राहतात, जातात. त्यांचे चेहरे कुठवर आठवणार! आठवेना म्हणून ती आणखीच घाबरी झाली. चेहरा आठवला असता तर निदान हा हुशार होता किंवा हा ढ होता, एवढं तरी कळलं असतं.

आणि ती म्हण मुळात ताईचीच होती. आई म्हणायची. दोन मुली, थोरली पहाटे उठली की तोंडाचा पट्टा सुरू करायची तो झोपेत ओठ हलेपर्यंत, आणि धाकटी पाहुण्यांनी नाव विचारलं तरी आईच्या पदरामागे. "आमच्या थोरलीची बोरं विकतात हो," आई आल्यागेल्याला सांगायची, "धाकटीचं सोनं आहे, पण राहतंय पडून." त्यातलं सोनं कधी तिला ऐकूच आलं नाही. पडून राहतंय एवढंच ऐकू यायचं. ताई तिला मुकी म्हणायची, अजून म्हणते. शाळेत मुकीला कुणी चिमटा काढला तर ताई मधल्या सुट्टीत त्या वर्गात जाऊन असं काही बोलून यायची की चिमटा काढणारी आठवडाभर शाळेत यायला बिचकायची. दुकानदाराशी ताई बोलणार, मास्तरांशी ताई बोलणार, मेडिकलला जायचं आहे हे वडिलांना सांगायचं तेव्हाही ताईच बोलली. ही स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून आपलंच भवितव्य ऐकत होती. नंतर नोकरीत शिकवायची वेळ आली तेव्हा पहिल्या तासाला तिची जीभ टाळूला चिकटली. समोर ऑपरेशन थिएटरमधून थेट आलेली मुलं, अंगाला जंतुनाशकाचा वास, अर्धी पेंगत होती. श्वासमार्ग कसा तपासायचा ते ती सांगत होती आणि कुणी ऐकत नव्हतं. तेव्हा कुठून कोण जाणे, आईची म्हण तोंडातून गेली. "बोलणाऱ्याची बोरं विकतात. पेशंट बोलतोय, म्हणजे वाट मोकळी. पण बोरं किडकी आहेत का, ते आपण बघायचं." मुलं हसली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बोलण्यावर खोलीभर माणसं हसली, आणि त्याची तिला चटक लागली. पुढल्या प्रत्येक तुकडीला तिने ती म्हण ऐकवली, हशाची जागा ठरून गेली. हसू नेहमी बोरं विकली तिथे यायचं. किडकी आहेत का, या दुसऱ्या अर्ध्यावर कधी कुणी हसलं नाही, आणि ज्याच्यावर हसत नाहीत ते कोण लक्षात ठेवतो?

शिकवायची खोली म्हणजे सर्जरीच्या वॉर्डाला लागून असलेली जुनी कोठी. एका कोपऱ्यात चाक मोडलेलं स्ट्रेचर, खिडकीखाली पुठ्ठ्याची खोकी, आणि मध्ये टेबलावर कमरेपासून खाली नसलेला रबरी पुतळा, ज्याला मुलं भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांची छाती दाबदाबून एका बाजूने बसली आहे, आणि त्यांचा जबडा वर उचलून आत नळी घालताना दर खेपेला कटकन आवाज होतो, मग एखादी मुलगी दचकते. आज सहाजण होते. त्यांना इथे यायचं नव्हतं, थिएटरमध्ये जायचं होतं, हे त्यांच्या पायांवरून दिसत होतं. सगळ्यांचे पाय दाराकडे वळलेले. सर्जरीचे मोठे सर तर मुलांना सरळ म्हणत, "तुमच्या मिनिटबाईंना सांगा, त्यांचा एक श्वास मोजून होईपर्यंत मी अपेंडिक्स बाहेर काढतो." मिनिटबाई हे तिचं हॉस्पिटलातलं नाव. कारण ती प्रत्येकाला पेशंटपाशी उभं करून पूर्ण मिनिटभर त्याचे श्वास मोजायला लावी, आणि एवढं मिनिट कुणालाच परवडत नसे. नाडी यंत्र सांगतं, रक्तदाब यंत्र सांगतं. श्वास मात्र माणसानेच उभं राहून मोजायचा असतो. म्हणून तो कुणी मोजत नाही, अठरा किंवा वीस असं अंदाजाने ठोकून देतात. कागदावर साऱ्या वॉर्डात मरणारा आणि घरी जाणारा एकाच चालीने श्वास घेत असतात.

"बसा," ती म्हणाली. सगळे बसलेलेच होते. एकजण खुदकन हसला. ती भाऊसाहेबांच्या डोक्याशी गेली आणि सवयीने बोलू लागली: पेशंट बिघडतोय असं वाटलं तर एकट्याने शहाणपणा करायचा नाही, आधी हाक मारायची, मग वाट, मग श्वास, मग रक्त, या क्रमाने जायचं. तोंड आपोआप चालत होतं. कित्येक वर्षांचं पाठ. पाठाचा एवढा एक फायदा असतो की माणूस आतून दुसरीकडे राहू शकतो. आत सकाळचा फोन चालू होता. "मुके, अगं," ताई म्हणाली होती, आणि थांबली. "मला काही," आणि थांबली. "झालेलं नाहीये. तू," थांबली, "जेवलीस का?" बास, एवढंच. शेजारणीच्या भाचीचं लग्न का मोडलं हे स्वल्पविराम न घेता सांगणारी बाई एका ओळीला तीनदा थांबली होती. सकाळी हिने ते ऐकलं आणि ताबडतोब स्वतःची समजूत घातली: पोट चिरलंय, दुखणारच, दुखलं की माणूस श्वास अर्धाच घेतो. शिवाय नातेवाईक डॉक्टर म्हणजे काय ताप असतो ते तिच्याइतकं कुणाला माहीत! दूर कुठूनतरी फोन करतात, आवाजात पदवी आणतात, अमुक तपासलं का, तमुक दिलं का. अशा फोनांवर ती स्वतः गोड बोलते आणि ठेवल्यावर दात-ओठ खाते. आपण तसं व्हायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. तिथे डॉक्टर आहेत, ते बघताहेत. दारातूनच बघताहेत. दाजींच्या बोलण्यातला तो शब्द आता तिच्या डोक्यात वाढत चालला. दारातूनच. दारातून काय दिसतं? उशीवर टेकलेलं डोकं दिसतं, हलणारे ओठ दिसतात. गळ्याच्या खाली, हाडांच्या वर, श्वासागणिक आत ओढली जाणारी ती एवढीशी खळगी दारातून दिसत नाही. पायाचे गार अंगठे दिसत नाहीत.

"मॅडम," चष्मा डोक्यावर चढवलेली एक मुलगी म्हणाली, "तुम्ही वाट दोनदा सांगितलीत."

"हो का," ती म्हणाली. तोंडाला कोरड पडली होती. पाणी बाहेर वॉर्डात होतं, पण बाहेर गेलं तर आपण परत येणार नाही असं तिला वाटलं; परत न येता कुठे जाणार, हेही कळत नव्हतं. ताईच्या गावाला गाडीने जायचं तर अंधार पडेल. आणि तोवर. तोवरच्या पुढे तिने मनाला जाऊ दिलं नाही. मन वर्गावर यावं म्हणून तिने नेहमीचा प्रश्न विचारला, जिथे दर वेळी हशाची जागा असते तो. "समजा, पेशंट तुमच्याशी बोलतोय. तुम्हाला काय कळलं?"

मागच्या बाकावरचा उंच मुलगा बसल्याजागेवरून म्हणाला, "बोरं विकली, मॅडम."

सगळे हसले. अगदी ठरल्या जागी, ठरल्यासारखे. फरक एवढाच की तिने अजून म्हण सांगितलेली नव्हती.

"हे कुठून आणलंस?"

"सगळेच म्हणतात, मॅडम." मुलगा खुलला. "सीनियर राउंडला घाईत असले ना, की लांबूनच विचारतात, सातव्या खाटेची बोरं विकली का? विकली म्हटलं, की चला पुढे."

"आणि त्याच्यापुढचं?"

"पुढचं काय, मॅडम? पुढचा पेशंट."

पुन्हा हसू. तिने एकेकाकडे पाहिलं. चांगली मुलं होती. कुणाच्या डोळ्यात कपट नव्हतं, कामचुकारपणासुद्धा फारसा नव्हता. मुलांनी जे हाती पडलं ते घेतलं होतं, चटकदार म्हणून घेतलं होतं, आणि जपून पुढच्यांना दिलं होतं. किती वॉर्डांत, किती गावांत ही बोरं आत्ता या क्षणी विकली जात असतील! हा विचार आला आणि तिला घाम फुटला. भीतीचं एक बरं असतं, ती एकदा पुरती अंगावर आली की भिडेला जागा उरत नाही. तिने कोटाच्या खिशातून फोन काढला. तिच्या तासाला फोन काढणाऱ्याला ती बाहेर काढते, हे सहाहीजणांना माहीत होतं, त्यामुळे हसू पटकन विरलं. तिने दाजींचा नंबर लावला. तिने फोनचा आवाज मोठा केला आणि तो टेबलावर, भाऊसाहेबांच्या बसक्या छातीवर ठेवला.

"काय गं?" दाजी म्हणाले. "तास संपला एवढ्यात?"

"दाजी, ताईपाशी आहात? तिच्या छातीवर हात ठेवा."

"अगं, काहीतरीच काय! इथे समोरच्या खाटेवर माणसं आहेत."

"हात ठेवा. पांघरुणावरून ठेवा. वर गेली की एक. असं मिनिटभर मोजायचं. घड्याळ आहे ना हातात?"

दाजींनी उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काढला. खुर्चीत बसलेल्या माणसाला उलटून विचारायचं नाही आणि सांगितलेलं काम टाळायचं नाही, ही दोन तत्त्वं त्यांनी बायकोच्या बाबतीतही पाळली. ते मोजू लागले. आवाज दबका, पण फोनमधून स्पष्ट येत होता. एक, दोन, तीन, चार. मग मध्येच ताईचा आवाज आला, "काय चाललंय," आणि थांबला, "हे तुमचं?" दाजी म्हणाले, "तुझी बहीण सांगतेय," आणि आकडा चुकला. पुन्हा एकपासून. पुन्हा नवाशी ताई म्हणाली, "मुकीला सांगा," थांबली, "मी बरी आहे." पुन्हा चुकला. दाजी काकुळतीला आले. "अगं, ही बोलतेय. ही बोलत असताना मी मोजू कसं?"

"तिला म्हणावं, गप्प बस."

जन्मात हे वाक्य ताईला त्या घरात कुणी म्हटलं नव्हतं. आईने नाही, दाजींनी तर नाहीच. आणि आज तिने म्हटलं होतं, परगावाहून, दुसऱ्याच्या तोंडून. दाजींनी निरोप दिला असावा, कारण त्यानंतर ताई बोलली नाही. सहा मुलं, ती, आणि फोनमधून येणारे आकडे. पंधरा झाले तेव्हा चष्मेवालीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मुलीच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की पंधरा फार लवकर झाले आहेत. दाजी मोजतच होते, एकसुरी, पाण्याची बिलं वाचावीत तसे. वीस गेले. तीस गेले.

"अडतीस," दाजी म्हणाले. "मिनिट झालं. बरोबर आहे का गं? पास ना?"

"पाय बघा. हात लावून बघा."

"गार आहेत. म्हणून तर मघाशी मी मोजे घातले तिला. डोळे मिटून पडलीय आता. बोलून दमली बिचारी."

"लघवीची पिशवी लावलीय ना? तिच्यात किती आहे?"

"तळाला जराशी आहे. सकाळी होती तेवढीच." मग पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातून हसू गेलं. "का गं?"

"दाजी, त्या छोट्या डॉक्टरांना घेऊन या. आत्ताच्या आत्ता."

"अगं, ते कामात असतात. दोनदा त्रास दिला तर..."

"ओढून आणा," ती ओरडली. तिचा ओरडण्याचा आवाज तिने स्वतःच कधी ऐकला नव्हता. तो ताईच्या आवाजासारखा निघाला. दाजींच्या चपला फरशीवर फटफटत दूर गेल्या. फोन बहुधा खाटेवर टाकला होता. आता त्यातून एकच आवाज येत होता, आखूड, घाईचा, लाकूड घासावं तसा. तो कशाचा आहे हे मुलांनाही कळलं. उंच मुलगा उभा राहिला होता. त्याचे कान लाल झाले होते आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. तिला त्याला सांगायचं होतं, अरे बस, तुझा काही दोष नाही. पण तो आवाज ऐकायचा तर बोलता येत नव्हतं.

चपला परत आल्या, बरोबर बुटांचा आवाज आला. "हां, बोला, कोण?" एक तरुण आवाज म्हणाला, थोडा वैतागलेला. तिने नाव सांगितलं नाही, नुसतं "मी बोलतेय" म्हटलं, आणि त्याचा वैताग एकदम उतरला. "मॅडम? मिनि... मॅडम, तुम्ही? या तुमच्या कोण?"

"बहीण."

"मॅडम, मी सकाळी पाहिलं होतं, म्हणजे मघाशी... त्या बोलत होत्या, मॅडम. नीट बोलत होत्या."

"हो," ती म्हणाली. "श्वास अडतीस आहेत. पाय गार आहेत. लघवी थांबलीय. डोळे मिटताहेत."

"हो, मॅडम." पलीकडे पांघरूण बाजूला केल्याचा आवाज झाला. मग त्या पोराच्या तोंडून एक छोटासा उद्गार निघाला, पोटात कुणी गुद्दा मारला तर निघतो तसा. "मॅडम," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता, "सर थिएटरमध्ये आहेत. इथे मी एकटाच आहे. आधी काय करू?"

आणि तिला आठवेना. जे ती झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल असं सगळे म्हणत, जे तिने मोजता येणार नाही इतक्या मुलांकडून घोकून घेतलं होतं, ते पुसलं गेलं. तिने तोंड उघडलं. तोंडात जीभ होती, पण जिभेवर काही नव्हतं. आईच्या पदरामागे उभी असल्यासारखी ती नुसती उभी राहिली. पाहुणे विचारत होते, तुझं नाव काय बाळ, आणि नाव माहीत असूनही येत नव्हतं, आणि जिने पुढे होऊन सांगायचं, हिचं नाव अमुक, ही माझी बहीण, ती फोनच्या त्या टोकाला अडतीस श्वास घेत गप्प पडली होती. भाऊसाहेबांचं रबरी तोंड छताकडे आ करून होतं. "मॅडम?" फोन म्हणाला. "मॅडम, आहात का?"

"हाक मारा," चष्मेवाली हळूच म्हणाली. मग जरा मोठ्याने, "मॅडम, आधी हाक. एकट्याने नाही."

तिने त्या मुलीकडे पाहिलं. "हाक मार," ती फोनला म्हणाली. "सिस्टरना बोलाव. आयसीयूला फोन करायला लाव. थिएटरमध्ये माणूस पाठव, सरांना म्हणावं टाके दुसऱ्याला घालू द्या."

"ऑक्सिजन," उंच मुलगा म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

"ऑक्सिजन लाव. जास्तीत जास्त."

"दोन सुया, मोठ्या," तिसरं कुणीतरी म्हणालं. "रक्त तपासणीला. सलाईन." आता सगळेच बोलत होते, एकमेकांना अडवत, दुरुस्त करत. थांब, अँटिबायोटिकच्या आधी कल्चरसाठी रक्त घ्यायचं. हो, पण त्याच्यासाठी थांबून राहायचं नाही. पोट बघा म्हणावं, ताठ आहे का. आणि ती एकेक उचलून फोनमध्ये सांगत होती, पहिलीच्या वर्गात बाईंच्या मागून म्हणावं तसं. दोन मोठ्या सुया. रक्त पाठव. सलाईन जोरात सोड. पोटाला हात लाव, ताठ आहे? "ताठ आहे, मॅडम," तो म्हणाला, तो आता रडत होता बहुतेक, पण रडता रडता काम करत होता, पलीकडे पाकिटं फाडल्याचा आवाज येत होता, सिस्टरचा आवाज येत होता, "सरका, काका." ताठ आहे म्हणजे आतले टाके सुटले असणार, पुन्हा उघडावं लागणार, हे तिच्यासकट खोलीतल्या सगळ्यांना कळलं. मग मोठे सर, तिथले, आले असावेत. एक जाड आवाज दोन शब्दांत काहीतरी म्हणाला, खाटेचे ब्रेक काढल्याचा खटका झाला, चाकं दाराच्या उंबऱ्यावरून गडगडली. फोनमधले सगळे आवाज एकदम लांब गेले.

तिने फोन भाऊसाहेबांच्या छातीवरून उचलला. कानाला लावला तेव्हा नुसती खरखर होती. वॉर्डाच्या बाजूने कुणीतरी डोकावलं, मुलांना थिएटरमध्ये बोलावलंय म्हणून सांगितलं. मुलं हलली नाहीत. खिडकीबाहेर हॉस्पिटलच्या आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणी, येऊ दे, येऊ दे, म्हणत होता. तिला वाटलं, ताईला गप्प बस म्हटलं ते आपलं शेवटचं बोलणं ठरलं तर? हा विचार इतका सरळ आला की तो ढकलायलाही जागा सापडेना. चष्मेवालीने कुठूनतरी पाण्याचा पेला आणून टेबलावर ठेवला. तिने तो घेतला नाही, कारण दोन्ही हातांनी तिने फोन कानाशी धरला होता.

"हॅलो," दाजी म्हणाले. अगदी जवळून. धावल्यासारखे धापा टाकत होते. "आहेस का गं?"

"आहे."

"नेलं तिला. काचेच्या दारापर्यंत गेलो, पुढे सोडत नाहीत. पुन्हा पोट उघडणार म्हणाले. वेळेवर कळलं म्हणाले, पण काही सांगता येत नाही म्हणाले." त्यांनी नाक पुसलं. "जाताना तोंडावर ते ऑक्सिजनचं लावलं होतं, तरी आतून काहीतरी बोलत होती. मला ऐकू नाही आलं. मी हो हो म्हटलं."

"बरं केलंत."

"तो पोरगा बरोबर गेलाय आत. हात धरून चालला होता तिचा." मागे कुठेतरी लिफ्टचं दार उघडून मिटल्याचा आवाज आला. दाजींना बाकडं दिसलं असावं, बसल्याचा आवाज झाला, आणि मग अगदी हळू, कचेरीत साहेबांना विचारावं तशा अदबीने त्यांनी विचारलं, "आता मी काय मोजू गं?"

उंच मुलाने मान खाली घातली होती. रात्र पडेपर्यंत ती तिथे पोचणार नव्हती, आणि तो माणूस त्या दाराबाहेर एकटा बसणार होता.

"माझे मोजा, दाजी," ती म्हणाली. "मी निघतेय. फोन बंद करत नाही." तिने फोन तोंडाशी धरला, अगदी ओठांपाशी, आणि काही न बोलता नुसती श्वास घेत राहिली.

दाजी मोजू लागले. बरेच पुढे गेले, मग थांबले.

"जरा जास्तच होताहेत गं तुझे," ते म्हणाले.